साथीच्या काळात पार्सलचं दुकान पुन्हा उघडताना: कोकणातल्या खानावळी, पोळी-भाजी केंद्रं आणि टपऱ्यांसाठी

२०२० च्या उन्हाळ्यात बहुतेक दुकानदारांनी सगळी ताकद पार्सलच्या पिशवीवर सॅनिटायझर मारण्यात घालवली. कोरोनाचा विषाणू अन्नातून किंवा वेष्टनातून पसरण्याची शक्यता फार कमी आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितलं होतं. श्वासातून पसरणाऱ्या साथीत खरा धोका असतो स्वयंपाकघरातल्या कोंडलेल्या हवेत, काउंटरसमोरच्या घोळक्यात आणि कामगार एकत्र बसून जेवतात त्या पंधरा मिनिटांत. शिवाय दुकान दोन-तीन महिने बंद असेल, तर पाण्याची टाकी, गॅसची नळी, फ्रीजर आणि मसाल्याचे डबे यांचा धोका वेगळा. त्याचा साथीशी काही संबंध नाही, पण गिऱ्हाइकाला आजारी पाडायला तो पुरेसा असतो. म्हणून वेळ आणि पैसा कुठे लावायचा, ते आधी ठरवा.

पार्सल सुरू करता येईल की नाही, किती वाजेपर्यंत, हे आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकारी ठरवतात आणि हे आदेश बदलत राहतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कात्रणावर विसंबू नका. तहसील, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीकडून शेवटचा लेखी आदेश घ्या आणि त्याची प्रत काउंटरला लावा. अन्न परवान्याची किंवा नोंदणीची मुदत बंदच्या काळात संपली नाही ना, तेही त्याच दिवशी पाहा.

उघडण्याआधीचा आठवडा: गॅस, वीज, उंदीर

पहिल्या दिवशी कुलूप काढल्यावर दिव्याचं बटण दाबू नका. आधी दारं-खिडक्या उघडा आणि दहा मिनिटं बाहेर थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती असेल तर तो जमिनीलगत साचतो. वास आला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा आणि १९०६ वर फोन करा. वास नसला तरी रबरी नळी बोटांनी दाबत पूर्ण लांबी तपासा. बंद दुकानात उंदीर नळी कुरतडतात, आणि खाऱ्या हवेत रेग्युलेटर व शेगडीची जोडणी गंजते. नळीवर छापलेलं वर्ष पाहा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. नवी जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला की तिथे गळती आहे. काडी पेटवून तपासण्याची सवय कुणाला असेल, तर ती आजपासून बंद.

मग वीज. बोर्डावरच्या ईएलसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचं) ‘टेस्ट’ बटण दाबा, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर वायरमन आल्याशिवाय मिक्सर, ग्राइंडर, फ्रीज काही लावू नका. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून काम करणाऱ्या माणसाचा जीव त्या खटक्यावर असतो.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका. कोकणात पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो तो उंदरांच्या लघवीतून. रबरी हातमोजे आणि गमबूट घालून त्या जागी तीव्र ब्लीचचं पाणी शिंपडा (५ टक्क्यांचं ब्लीच १ लिटर पाण्यात १०० मिली), दहा मिनिटांनी कागदाने टिपून घ्या, मग साबणाने धुवा. पायाला जखम असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

पाणी

दोन महिने टाकीत उभं राहिलेलं पाणी भांडी घासायलाही वापरायचं नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, आतून ब्रशने घासा, तळाचा गाळ काढा आणि दोनदा खळबळून घ्या. भरल्यावर दर १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घाला. पावडर थेट टाकीत टाकू नका. आधी वाटीत थोड्या पाण्यात कालवा, बादलीभर पाण्यात मिसळा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. अर्ध्या तासाने प्रत्येक नळ पाचेक मिनिटं सोडा, म्हणजे पाइपमध्ये साचलेलं पाणी निघून जाईल. मग पाण्याला क्लोरीन आहे का ते तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचा संच असतो. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली पाहिजे. छटा आली नाही, तर पावडर जुनी झाली आहे किंवा पाणी फार गढूळ आहे. टीसीएलला दमट हवा सोसत नाही. गेल्या वर्षीच्या उघड्या पिशवीतली पावडर वासाला उग्र लागली, तरी तिच्यात दम उरलेला नसतो.

विहिरीचं पाणी वापरत असाल, तर पहिल्या मोठ्या पावसानंतर ही चाचणी पुन्हा करा.

फ्रीजर आणि साठवणीचं काय करायचं

या बाबतीत कुणी काय फेकावं यावर नेहमी वाद होतो, कारण माल पैशांचा असतो. तरी नियम सरळ आहे: मधल्या काळात वीज किती वेळ गेली ते ठाऊक नसेल, तर फ्रीजरमधलं मासे-मटण ठेवायचं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज परत आल्यावर फ्रीजर पुन्हा गोठवतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. पाकिटांच्या तळाशी तांबूस बर्फ थिजलेला असेल, पाकिटं एकमेकांना चिकटून एक ढेकूळ झालं असेल, तर माल मध्ये वितळला होता. पुढच्या वेळेसाठी सोपी युक्ती करून ठेवा: वाटीभर पाणी गोठवा, बर्फावर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. नाणं खाली गेलेलं दिसलं की काय झालं ते कळतं.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांबाबत तर अजिबात सवलत नाही. हे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. मासा दिसायला, वासाला बरा असू शकतो. खाणाऱ्याचा चेहरा तासाभरातच लाल होतो, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडतं. मासळी आणल्याबरोबर किलोला किलो बर्फात ठेवायची, वितळलेलं पाणी खाली निघून जायला हवं आणि बर्फ संपला की पुन्हा भरायचा. लिलावातून दुकानापर्यंत दुचाकीवर नुसत्या पिशवीत आणलेला बांगडा मे महिन्यात अर्ध्या तासातच तापतो, म्हणून बर्फाचा डबा गाडीवरच हवा.

कोरड्या मालात शेंगदाणे आणि सुकं खोबरं आधी उघडा. हिरवट-काळी बुरशी किंवा कुबट वास असेल तर सगळा डबा फेका. बुरशीतलं अफलाटॉक्सिन भाजून जात नाही, म्हणून ‘वरचं काढून खालचं वापरू’ हा विचार इथे चालत नाही. मालवणी मसाल्याची गुठळी झाली असेल तर त्यात ओल शिरली आहे. बेसनात, तांदळाच्या पिठात किडे दिसले तर चाळून वापरू नका. आमसुलं मात्र सहसा टिकलेली असतात. कढईत राहिलेलं जुनं तेल टाकून द्या, वड्यांना नवीन तेल लागेल.

दुकानात पुराचं पाणी शिरलं असेल, जसं २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये शिरलं, तर त्या पाण्याने स्पर्श केलेला प्रत्येक अन्नपदार्थ जातो, झाकणाच्या बरण्यांसकट. लाकडी पोळपाट आणि चिरायचे पाटही टाका, ओल आत मुरलेली असते. स्टीलची भांडी साबणाने धुऊन उकळत्या पाण्यात घालून वापरता येतात.

हवा कुठून येते, कुठे जाते

एक उदबत्ती पेटवा. (आधी गॅस तपासलेला असावा.) ती आधी काउंटरच्या खिडकीत धरा, मग आचाऱ्याच्या जागी, मग पार्सल बांधायच्या टेबलावर. धूर कुठे जातो ते शांतपणे पाहा. गिऱ्हाइकाकडून आत, आचाऱ्याच्या तोंडावर धूर येत असेल, तर पंखे चुकीच्या जागी आहेत. धूर एका कोपऱ्यात नुसता गोल फिरत असेल, तर तिथे हवा कोंडलेली आहे आणि माणूस उभा करण्यासाठी ती सगळ्यात वाईट जागा आहे.

एक्झॉस्ट पंखा भिंतीच्या वरच्या भागात लावतात, पण समोरून हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता आवाज करतो. मागचं दार किंवा परसाकडची खिडकी अर्धी तरी उघडी हवी, जाळी लावून. चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या जुन्या दुकानांना कौलांच्या फटींतून हवा मिळते, ती स्लॅबच्या गाळ्याला मिळत नाही. गाळ्यात पेडेस्टल पंखा आचाऱ्याच्या पाठीमागून खिडकीकडे तोंड करून लावा. हवा शेगडीच्या ज्योतीवर थेट जाऊ देऊ नका, ज्योत विझली की गॅस नुसता सुटतो.

काही दुकानदार कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणतात. पार्सल बांधायच्या खोलीत त्याचा उपयोग होतो, आकडा ८०० पीपीएमच्या खाली राहिला तर हवा खेळती आहे असं समजा. स्वयंपाकघरात शेगड्या पेटल्यावर मात्र गॅसच्या ज्वलनातूनही हाच वायू निघतो, त्यामुळे तिथला आकडा माणसांबद्दल काही सांगत नाही. शेगड्या बंद असताना, माणसं आत असताना मोजा.

काउंटरवर ॲक्रिलिकचा पत्रा लावायचा तर तोंडासमोर छोटा लावा. छतापर्यंत नेला तर हवाच अडते. पडवी असेल तर व्यवहार पडवीतच करा, त्याहून चांगली सोय विकत मिळत नाही.

रांग, आणि पावसात रांगेचं काय होतं

जमिनीवर सहा-सहा फुटांवर चुन्याचे गोल मारले की उन्हाळ्यात लोक पाळतात. जुलैत नाही पाळत. पागोळ्या गळायला लागल्या की दहाही माणसं वळचणीखाली एकमेकांना चिकटून उभी राहतात आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून पावसाळ्यात रांगच नको, वेळ ठरवा. फोनवर ऑर्डर घ्या, १५ मिनिटांची वेळ द्या, एका वेळेला चार-पाचच पार्सलं. वेळेआधी आलेल्या माणसाला गाडीत किंवा समोरच्या दुकानाच्या पायरीवर थांबायला सांगा, पार्सल तयार झालं की मिस्ड कॉल द्या. जागा असेल तर माडाच्या झापांचा किंवा ताडपत्रीचा मांडव पुढे दहा फूट वाढवा, पण बाजू मोकळ्या ठेवा. तिन्ही बाजूंनी ताडपत्री सोडलेला मांडव बंद खोलीसारखाच होतो.

पैशाला हात लावणारा माणूस अन्नाला हात लावणार नाही, हा नियम एरवीचाही आहे. एकट्याचंच दुकान असेल तर क्यूआर कोड पुढे, नोटांसाठी ताटली, आणि पैसे घेतल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणं. हातमोज्यांचा फार आग्रह धरू नका. मोजे घातलेला माणूस नोटही घेतो, नाकही पुसतो आणि वडाही उचलतो, कारण हात घाण झाल्याचं त्याला जाणवत नाही. सॅनिटायझर काउंटरवर ठेवा, शेगडीजवळ नको. तो अल्कोहोलचा असतो आणि ओल्या हाताने ज्योतीजवळ गेलं तर भडका होतो.

सफाईचं पाणी किती तीव्र

बाजारातलं ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं असं धरून, १ लिटर पाण्यामागे:

दाराच्या कड्या, काउंटर, बटणं: २० मिली, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा.
विळी, सुऱ्या, पाट, ताटं: ४ मिली, दोन मिनिटं बुडवून आपोआप वाळू द्या.
भाज्या, कोथिंबीर: १ मिली, थोडा वेळ ठेवून स्वच्छ पाण्याने धुवा.

बाटलीवर वेगळी टक्केवारी लिहिली असेल तर त्या हिशेबाने बदला. आधी साबणाने धुतलं नाही तर ब्लीच काही करत नाही; तेलकट काउंटरवर टाकलेलं ब्लीच तेलावरच खर्च होतं. मिश्रण रोज नवीन करा, उन्हात ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतलं संध्याकाळपर्यंत निकामी होतं. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. माणसांवर, पिशव्यांवर, शिजलेल्या अन्नाच्या डब्यांवर फवारा मारायची गरज नाही.

पदार्थ कमी, गरम ते गरम, थंड ते थंड

पहिल्या पंधरवड्यात पाच-सहाच पदार्थ ठेवा. माणसं कमी असतात, सवय मोडलेली असते आणि लांबलचक पाटी जपायला स्वयंपाकघरात जास्त माणसं उभी करावी लागतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा काळ्या वाटाण्यांचं सांबारं, कुळथाची पिठी, घावणे, सोड्यांचा भात असा बेत बसवता येतो. ताज्या मासळीच्या नावाखाली कुठून तरी आणलेला बर्फातला जुना माल विकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. खुपसायचा थर्मामीटर मिळाला तर घ्या, बोट बुडवून अंदाज चालत नाही. मधल्या तापमानात पदार्थ दोन तासांहून जास्त नको, भर उन्हाळ्यात एक तास.

सोलकढी हा पार्सलमधला सगळ्यात नाजूक पदार्थ आहे. कोकमाचं आगळ आंबट आणि खारट असतं, त्यामुळे ती टिकेल असं वाटतं. पण नारळाचं दूध उकळत नाहीत, आणि रस काढताना घातलेलं पाणी जसं असेल तसंच गिऱ्हाइकाच्या पोटात जातं. पाणी उकळून गार केलेलं घ्या, मिक्सरचं भांडं गरम पाण्याने धुवा, एका वेळी दोन तासांत जाईल एवढीच करा आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. पार्सल बांधताना गरम भाताच्या पिशवीत सोलकढीची बाटली कधीच टाकायची नाही. अर्ध्या तासाच्या वाटेत ती कोमट होते. ॲल्युमिनियमच्या डब्यात कोकमाचं, चिंचेचं काही भरू नका, आंबट पदार्थ धातू खातो.

भाताबद्दल गैरसमज मोठा आहे. उरलेला भात रात्रभर टोपात झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, हे घराघरांत चालतं. त्यात वाढणाऱ्या जंतूंचे बीजाणू शिजण्यातून वाचतात, आणि त्यांनी सोडलेलं विष फोडणीने जात नाही. भात थोडा थोडा लावा. उरलाच तर लगेच परातीत दोन इंचांहून पातळ पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ढकला. ओल्या खोबऱ्याचं वाटण एकदम किलोभर करून बाहेर ठेवू नका, दिवसाला पुरेल एवढ्या छोट्या पुड्या गोठवा.

बांधायला वर्तमानपत्राचा कागद नको, छपाईची शाई तेलात उतरते. केळीचं पान, उसाच्या चिपाडाचे डबे चांगले. वडे किंवा घावणे कोमट झाल्यावरच बंद करा किंवा डब्याला छिद्र ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी सुटून लगदा होतो. प्रत्येक पार्सलवर बांधल्याची वेळ लिहा. महिन्याच्या खानावळीचे डबे परत येतात तेव्हा त्यांना वेगळं औषध लागत नाही, आल्या आल्या गरम साबणाच्या पाण्यात टाका. घरी विलगीकरणात असलेल्या माणसाला मात्र टाकून देण्याजोग्या डब्यात द्या, ओट्यावर ठेवा, हाक मारा आणि मागे व्हा.

कामगार

साथ दुकानात शिरते ती बहुतेक वेळा आपल्याच माणसाबरोबर, आणि पसरते चहाच्या वेळेला. शेगडीपाशी तोंडाला मास्क असतो, जेवताना सगळे मास्क काढून फुटाभराच्या अंतरावर बसतात आणि बोलतात. जेवण अंगणात किंवा पडवीत, दोघादोघांनी आळीपाळीने करा. या एका बदलाला खर्च शून्य आहे.

दमट उकाड्यात मास्क दोन तासांत घामाने भिजतो आणि ओल्या मास्कमधून श्वास नीट जात नाही, म्हणून माणूस तो हनुवटीवर ओढतो. प्रत्येकाला पाळीला तीन मास्क द्या. कपाळावरचं तापमान मोजायची बंदूक शेगडीपाशी काम करणाऱ्याचं काहीही दाखवते. ती कामावर येताना, पाच मिनिटं सावलीत बसल्यावर वापरा, आणि तिने ‘नॉर्मल’ सांगितलं म्हणून खोकणाऱ्याला आत घेऊ नका.

ताप, खोकला, घसा, अंगदुखी, वास जाणं, जुलाब यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी सुट्टी, आणि ती पगारी. यावर काटकसर करू नका. रोजंदारी बुडेल या भीतीने माणूस गोळी घेऊन ताप लपवतो आणि आठवड्याने सगळं दुकान बंद पडतं. पावसाळ्यात ताप आला तर तो लेप्टोही असू शकतो, त्यामुळे दवाखान्यात पाठवा, घरीच थांबायला सांगून विषय संपवू नका.

माणसं पुरेशी असतील तर दोन गट करा, एकमेकांना न भेटणारे, तीन-तीन दिवसांचे. एक गट अडकला तरी दुसरा दुकान चालवतो. एकाच घरातली माणसं दुकान चालवत असतील तर त्यांनी आपसांत अंतर ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचा धोका घरात वेगळा नसतो. फक्त मधुमेह किंवा दम्याचा त्रास असलेले आजी-आजोबा काउंटरवर बसवू नका, हिशेब आतून करू द्या.

एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याच्यासोबत बंद जागेत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ कोण होतं याची यादी करा आणि त्यांना घरी पाठवून आरोग्य केंद्राला कळवा. दारं उघडी टाकून हवा खेळू द्या, साबण आणि २० मिलीच्या ब्लीचच्या पाण्याने सगळं पुसा. शिजवून झाकलेलं अन्न फेकायचं कारण नाही. दारावर खरं कारण आणि पुन्हा उघडायची तारीख लिहा. लपवलेलं गावात दुपारपर्यंत कळतंच, आणि मग लोक दुकानावर विश्वास ठेवत नाहीत.

तालीम आणि चतुर्थी

उघडण्याच्या आदल्या दिवशी दार बंद ठेवून पूर्ण पाळी चालवा. वीसेक पार्सलं बांधा, फोनवर ऑर्डर घ्या, पैसे घ्या, वेळ मोजा. दोन माणसं एकाच ओट्याशी आदळतात कुठे, बांधायचं टेबल संडासच्या दाराशी आलंय का, हात धुवायची जागा वापरताना कुणी अडखळतं का, हे तेव्हाच दिसतं. बांधायचं टेबल नळ आणि खिडकी यांच्या मध्ये आणलं तर निम्मी धावपळ कमी होते.

गणपतीत चाकरमानी आले की मोदकांच्या ऑर्डरी एकाच सकाळी येतात. उकडीचे मोदक करताना पाच-सहा जणी एका परातीभोवती तासन्‌तास बसतात, म्हणून ही बैठक आत नको, पडवीत हवी, आणि दोन पराती लांब लांब. तासाला किती मोदक वळले जातात ते आधी मोजून घ्या आणि तेवढ्याच ऑर्डरी वेळेच्या चिठ्ठ्या करून घ्या. आकडा भरला की ओळखीच्यांनाही नाही म्हणा. सारण ओल्या नारळाचं असतं, म्हणून ते रात्री करून बाहेर ठेवायचं नाही. पहाटे करा, आणि मोदक त्याच दिवशी दुपारपर्यंत खाऊन टाकायला पार्सलवरच्या चिठ्ठीत सांगा.